शाळा सरकारची की गावाची?

आज मी खांबहून बोलतोय. खांब म्हणजे रोहा तालुक्यातलं, मुंबई-गोवा हायवेवरचं आपलं गाव. नागोठणं मागे टाकलं की कोलाडच्या अलीकडे लागतं ते.

आजचा विषय आहे जुन्या शाळा. ऐतिहासिक वास्तू म्हटलं की आपल्याला किल्ला आठवतो. अवचितगडावर गेलो की पन्नास फोटो काढतो. पण गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा एक तरी फोटो तुमच्या मोबाईलमध्ये आहे का?

दोन उदाहरणं सांगतो. पहिलं पुण्याचं. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. नंतर तिथे शाळा राहिली नाही, दुकानं आली. स्मारकाचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला आणि वाडा मोडकळीला आला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला. आता त्या जागी स्मारक व्हायचंय, पण मूळ भिंती काही परत येत नाहीत.

दुसरं साताऱ्याचं, प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी' अशी नोंद आहे. शाळेने ते रजिस्टर जपलं, आणि २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस झाला. ही शाळा जिल्हा परिषदेचीच आहे बरं का!

म्हणजे शाळा मोठी होते ती तिच्या रजिस्टरातल्या नावांनी. आणि असं जनरल रजिस्टर तुमच्याही गावच्या शाळेत आहे. आजोबांचा जुना दाखला काढून बघा. त्यावर जिल्हा रायगड नसेल, कुलाबा असेल. कारण रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. आपल्याकडे जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची वेळ आली की सगळे धावतात ते याच नोंदीसाठी. आगरी असो, कुणबी असो, नाहीतर वाडीवरचा कातकरी. कित्येक घरांत आजोबांच्या नावाचा सगळ्यात जुना सरकारी कागद हाच असतो.

आता काळजीची गोष्ट. २०२३ मध्ये राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायचा, म्हणजे समूह शाळेचा, विचार सरकारने पुढे आणला. कागदावर ते सोपं दिसतं. पण आपल्या भागात 'जवळची शाळा' म्हणजे मध्ये हायवे आला, ओढा आला. पहिलीतलं पोर रोज तो कसं ओलांडणार? वाडीवरच्या मुलांची तर शाळाच सुटायची. आणि शाळा बंद झाली की तिचं दप्तरही गावाबाहेर जातं.

आपण देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी काढतो, मुंबईकर मंडळही मदत करतं. चांगलंच आहे. पण शाळेचं छप्पर गळलं की म्हणतो, 'ते सरकारचं काम.' सरकारचं आहेच, ते करून घ्यायचंच. पण पाठपुरावा कोण करणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. त्यात पाऊण सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. छप्पर, संडास, कुंपण, सगळं त्यात लिहिता येतं. तोच आराखडा ग्रामसभेत मांडा आणि ठराव घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते, ठराव मात्र कागदावर राहतो.

तर यंदा गणपतीला गावी आलात की एवढं करा. समितीत कोण कोण आहे ते विचारा. शाळा उघडली की गुरुजींची परवानगी घेऊन, तुमच्याच घरातल्या जुन्या माणसाची नोंद शोधा. इमारतीचा फोटो काढा, तडे गेलेत तेही दिसू द्या. आणि त्या शाळेत शिकलेल्या एखाद्या आजीला बोलतं करा. रेकॉर्डर तर तुमच्या खिशातच आहे.

तुमच्या शाळेचं सगळ्यात जुनं रजिस्टर कोणत्या सालचं निघालं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!