नगरोद्यान आणि नागरिकांचा सल्ला

नगरांतील उद्यान कोणाचें, असें विचारलें तर चटकन् उत्तर मिळतें: नगरपालिकेचें. हें उत्तर अपुरें आहे. १९९२ ची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलांत आली. तिनें उद्यानें व क्रीडांगणें हा विषय बाराव्या अनुसूचींत घालून नगरसंस्थांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली, आणि तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असेंहि सांगितलें. महाराष्ट्राच्या कायद्यानें या समित्यांवर नगरसेवकांखेरीज सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधि घेण्याची सोय केली. पुण्यांत तर २००६ पासून नागरिकहि आपल्या भागांतील लहानसहान कामें अंदाजपत्रकासाठीं सुचवूं लागले: कोठें पदपथ, कोठें दिवा, कोठें बांक.

योजना चांगली, परंतु सुचविणें सोपें, पाठपुरावा कठीण. बांक मंजूर होतो, बसविला जातो, आणि वर्षभरांत मोडतो. मग त्याचा वाली कोण? देखभालीची तरतूद किती, दिलेला पैसा कोणत्या कामीं लागला, हें विचारणारा कोणी नसेल तर सल्लागार केवळ सभेची शोभा होतो.

शिवाय अर्ज कसा भरावा हें ज्याला ठाऊक, त्याच्याच आळींत बाग फुलते. ज्या वस्तींतील मुलांना खेळावयास रस्त्याखेरीज जागा नाहीं, तिचा अर्ज पुष्कळदां येतच नाहीं. खऱ्या सल्लागारानें आलेले अर्ज वाचावेत, आणि न आलेल्या अर्जांची वास्तपुस्त त्या वस्तींत स्वतः जाऊन करावी.