आकडी आणि आम्ही



आमच्या वर्गातील एका मुलाला आकडी आली की आम्ही कांदा हुंगवायला धावत असू. पुढे घरच्या मांजरीला अपस्मार जडला, तेव्हा त्या अज्ञानाची लाज वाटली. आता मी दिवा मालवतो, आसपासच्या वस्तू दूर सारतो, तिच्या तोंडात बोट घालत नाही, घड्याळ पाहतो. ५ मिनिटे उलटली तर तडक पशुवैद्यांकडे. फेनोबार्बिटाल दर १२ तासांनी द्यावेच लागते. एकाएकी थांबवल्यास झटके बळावतात. म्हणून मी कोठे मुक्कामाला जात नाही. आजही अध्यक्षांच्या अनुमतीने लवकर निघणार आहे. आकडी ओसरल्यावर मांजर काही वेळ मला ओळखत नाही. मी नुसता जवळ बसतो. तो मुलगाही शुद्धीवर येताना आमच्याकडे असाच अनोळखी नजरेने पाहत असे, आणि आम्ही हसत असू.