माय बाजारात काय खाते?

आपल्या बीड जिल्ह्यातल्या खेड्यातली बाई कामासाठी शहरात येते. सकाळच्या येष्टीनं येते आणि दिवस मावळता मावळता परत जाते. मधल्या आठ-नऊ तासांत ती काय खाते? कुठं बसून खाते? गेल्या काही दिवसांत हा प्रश्न मी ओळखीच्या बऱ्याच घरांत विचारला. उत्तर जवळजवळ सगळीकडं एकच आलं, "खायचं काय त्यात? घरी येऊनच जेवते की." घरी येऊन म्हणजे रात्रीच. आल्या आल्या ताटावर बसायला मिळतं असंही नाही. आधी पीठ मळायचं, भाकरी थापायच्या, सगळ्यांना वाढायचं आणि मग आपलं ताट घ्यायचं.

तिची कामं आधी ऐका. ती कामं मोजल्याशिवाय तिची भूक समजायची नाही. माझी माय बालाघाटावरच्या गावातली. घाट उतरून बीडला यायचं म्हटलं की तिची तयारी आदल्या रात्री सुरू व्हायची. कापडी पिशवीच्या तळाशी प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो आणि डॉक्टरची जुनी चिठ्ठी. वरच्या बाजूला रिकाम्या पिशव्या घडी घालून. सकाळी सगळ्यांच्या भाकरी करून ठेवायच्या आणि आपण चहावर निघायचं. गाडी चुकेल म्हणून.

बीडला उतरली की क्रम ठरलेला. बँक उघडायला वेळ असतो, म्हणून आधी दवाखान्यात नंबर लावायचा. नंबर लावून बँकेत. तिथं झेरॉक्स मागितली की परत खाली रस्त्यावर, झेरॉक्स काढून परत रांगेत. तोवर दवाखान्यातला नंबर गेलेला असतो. मग लेकीच्या कॉलेजच्या फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. सेतू केंद्रात सर्व्हर चालू होईपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं. त्यातून सुटली की सुभाष रोड, बलभीम चौक, धोंडीपुरा, माळीवेस करत पायी फिरायचं. पटवेकऱ्याकडं मंगळसूत्र गाठवायला टाकलेलं असतं. शिलाईवाल्याकडं पोलकं असतं. नवऱ्यानं फवारणीचं औषध सांगितलेलं असतं, सासूनं तंबाखूची डबी, पोरानं मोबाईलचं कव्हर. कागद न वापरता ही सगळी यादी ती डोक्यात धरून चालते, आणि त्यातलं एकही काम तिच्या एकटीचं नसतं.

या सगळ्यात ती पाणीसुद्धा पीत नाही. याचं कारण पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून उघड बोलते. पाणी प्यालं की लघवीला जावं लागतं, आणि बाजारात बाईनं जायचं कुठं? तालुक्याच्या गावात जाऊन बघा. बायकांसाठी जागा असली तर तिला कुलूप असतं, कुलूप नसलं तर आत पाणी नसतं. म्हणून सकाळचा चहा पोटात आणि वर दिवसभर उन्हातली चाल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी होण्याची कारणं पुष्कळ आहेत. बाजाराचा एक दिवस उपाशी काढल्यानं ते होतं असं मी म्हणत नाही. पण दुपारची भूक मारायची सवय लागलेली बाई बाजारातही मारते, रानातही मारते, हे आपण सगळे बघतो.

आता बाजार तर खाण्यानं भरलेला असतो. सकाळी गाड्यावर पोहे आणि सुशीला. भिजवून पिळलेले चुरमुरे, वर हिरव्या मिरचीची फोडणी, डाळ्याचं कूट, कांदा, कोथिंबीर. आपल्या मराठवाड्याचा हा नाश्ता पुण्या-मुंबईला नीट जमत नाही असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही. दुपारी कढईतून निघणारे भजे, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. भेळ, वडापाव, उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळी पाणीपुरी. दिवाळीच्या आधी बालाघाटावरच्या सीताफळांच्या पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायका. बीडच्या या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्या पाट्या विकणाऱ्या बाईनं तरी दुपारी काय खाल्लं असतं?

माय भज्यांच्या गाड्याशी थांबते, नाही असं नाही. पावशेर भजे बांधून घेते. गोडीशेव घेते, भत्ता घेते. ते सगळं पिशवीत जातं. घरी लेकरं वाट बघत असतात. पुडा सुटला की त्यातले गार झालेले भजे सगळ्यांच्या हातात जातात, आणि ती म्हणते, "मला नको, मी बाजारात खाल्लं." हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय! आणि लहानपणी आपण ते खरं मानलंय.

मी कमवायला लागल्यावर एकदा मायला घेऊन बीडच्या बाजारात आले. तिला म्हटलं, आज आधी खायचं, मग कामं. सुशीलाच्या गाड्यापाशी बाकडं होतं. तिनं प्लेट हातात घेतली, पदर डोक्यावर ओढला आणि रस्त्याकडं पाठ करून बसली. भिंतीकडं तोंड करून तिनं ती प्लेट संपवली. चव घेऊन खाल्ली, कूट बोटानं पुसून खाल्लं, पण भिंतीकडं बघत. पैसे किती झाले ते ऐकल्यावर म्हणाली, "एवढ्यात घरात सगळ्यांचा झाला असता." तिचा हिशेब बरोबरच होता. शेंगदाण्याचा भाव, चुरमुऱ्याचा भाव तिला तोंडपाठ होता. त्या हिशेबात तिचे बसलेले पाय आणि आयतं मिळालेलं गरम खाणं मात्र कुठंच धरलेलं नव्हतं.

ती पाठ करून का बसली? आपल्याकडं रस्त्यावरचं हॉटेल ही पुरुषांची जागा. तिथं पेपर वाचायचा, राजकारण बोलायचं, चहा अर्धा-अर्धा करून प्यायचा. बाई एकटी आत गेली की चार माना वळतात. काही हॉटेलांत पडदा लावलेली फॅमिली रूम असते, पण एकट्या बाईला तिथं बसायलाही संकोच वाटतो, कारण सोबत फॅमिली नाही. भूक लागली तर ती येष्टीच्या फलाटावर केळं खाते. तेही कुणी बघत नाही ना, हे बघून.

एका जागेचा मात्र मी मनापासून मान करते. ती म्हणजे रसवंती. उन्हाळ्यात मंडप टाकलेला, चरकाला घुंगरं बांधलेली, समोर लांब बाकडी. तिथं बायका बिनधास्त बसतात. पदर सैल करतात, चपला काढून पाय वर घेतात, शेजारच्या अनोळखी बाईला गाव विचारतात. आलं-लिंबू घातलेला रसाचा ग्लास संपला तरी कुणी "उठा" म्हणत नाही. चारी बाजूंनी मोकळी जागा, पुरुषांचा अड्डा नाही, समोर लेकरं खेळतात. म्हणून ती जागा बायकांची झाली.

आणि त्या बाकड्यावर बसलेल्या बायकांमध्ये ऊस तोडून आलेल्या बायका असतात. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं उसाच्या फडावर जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या परत येतात आणि इथं पैसे देऊन उसाचा रस पितात. एका बाईला मी विचारलं, फडावर ऊस खायचा कंटाळा नाही येत? ती म्हणाली, "तिथं बसून कुठं खाता येतो? तिथं मोळ्या उचलायच्या."

या बायकांचा सगळ्यात मोठा बाजार दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत असतो. मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल मिळालेली असते. फडावर कोपीत काढायच्या पाच-सहा महिन्यांचा संसार त्या बाजारातून उभा करायचा असतो. ताडपत्री, बॅटरी, मिरची, मीठ, चहापत्ती, लेकराला स्वेटर, स्वतःला जाड चप्पल आणि अंगदुखीच्या गोळ्या. मी बघितलंय, गोळ्यांचं पाकीट त्या न मोजता घेतात, स्वतःसाठी भजे घेताना मात्र मोजतात. 2019 साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तो विषय फार मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. पण पहाटे तीनला उठून भाकरी थापणाऱ्या आणि दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्या या बाईनं निघण्याआधीच्या बाजारात तरी पोटभर खावं, एवढं मला वाटतं.

गेल्या काही वर्षांत एक गोष्ट चांगली झाली. 17 मार्च 2023 पासून येष्टीत बायकांना अर्धं तिकीट झालं. 2024 च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यावर यायला लागले. योजनांबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल. मी डोळ्यांनी दिसतं ते सांगते. सकाळच्या येष्ट्यांत आता बायका जास्त दिसतात. पूर्वी "तुम्हीच जाऊन या" म्हणणारी बाई आता स्वतः येते, भाव करते, रंग बघून घेते. पण तिला बसायला, खायला आणि पाणी प्यायला लागणाऱ्या जागा त्या मानानं वाढल्या नाहीत.

जागा करता येते, हे आपण बघितलंय. 26 जानेवारी 2020 ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, भात, वरण. अशा केंद्रावर मी बायकांना रांगेत उभं राहून, टेबलावर ताट ठेवून, लोकांकडं तोंड करून जेवताना पाहिलं. भाव ठरलेला, ताट ठरलेलं, कुणाला काही विचारायचं नाही. तिथं संकोच कमी होतो. दुसरं म्हणजे, ज्या गाड्यावर बाई तळत असते, त्या गाड्याशी बायका थांबतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं शहराच्या पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी ठेवले आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या. 2020 पासून स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना सुरुवातीला दहा हजारांचं कर्ज मिळायला लागलं. शहरातल्या बायकांनी पथविक्रेता समितीत बसावं आणि गाड्यांच्या जागा ठरताना बाकड्यांचा, पाण्याचा आणि बायकांच्या स्वच्छतागृहाचा विषय काढावा. तो विषय पुरुष सदस्य सहसा काढणार नाहीत.

मायच्या बाबतीत पुढं काय झालं ते सांगते. आम्ही त्या गाड्यावर परत परत गेलो. आधी ती भिंतीकडं तोंड करून बसायची, मग आडवी बसायला लागली. पुढं गाड्यावरच्या बाईशी तिची ओळख झाली. कुटात लसूण घालतेस का, चुरमुरे कुठून आणतेस, असं ती विचारायला लागली. आता मी सोबत नसले तरी ती तिथं जाते. "सुशीला थोडा जास्त तिखट कर," असं सांगते आणि पैसे द्यायला पदराची गाठ सोडते. पुडा घरी अजूनही येतोच. लेकरांच्या जागी आता नातवंडं आली, त्यांचा हक्क तिनं काढलेला नाही.

दसरा जवळ आलाय. उचल मिळाली की जिल्ह्यातल्या सगळ्या बाजारांत बायकांची गर्दी सुरू होईल. हॉटेलवाल्या, गाडेवाल्या भावांना आणि बहिणींना माझी विनंती आहे. दुकानाच्या सावलीला एक बाकडं टाका आणि झाकणाचा पाण्याचा माठ ठेवा. एकटी बाई आली तर "किती जण?" असं विचारू नका, प्लेट पुढं करा. आणि घरातल्या पोरांनो, माय बाजारातून आली आणि "मी खाल्लं" म्हणाली, तर काय खाल्लं, कुठं खाल्लं, एवढं तिला विचारा. सांगता आलं नाही, तर त्या रात्रीच्या भाकरी तुम्ही थापा.