हायकोर्ट पाहायला चला
(लालबाग येथे गावाकडून आलेल्या मंडळींपुढे दिलेले भाषण)



तुम्ही गावाहून लालबागला येता. राणीची बाग पाहता, चौपाटी पाहता. पण हायकोर्ट पाहायला चला म्हटले, की मागे सरता. म्हणता, "गुरुजी, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये!" भांडायला चढू नये, हे खरे. पाहायला मात्र जरूर चढावी.

चिंचपोकळीला गाडी धरा. शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. हुतात्मा चौकावरून चालत जा. राजाबाई टॉवरच्या शेजारी दगडी इमारत दिसेल. तेच आपले हायकोर्ट. १८७१ साली बांधकाम सुरू झाले, १८७८ साली पुरे झाले. लांबी ५६२ फूट आहे. वर दोन पुतळे आहेत. एक न्यायाचा, दुसरा दयेचा.

या इमारतीचे आणि गिरणगावाचे जुने नाते आहे. ते ऐका.

१९०८ सालचा जुलै महिना. 'केसरी'तल्या लेखांवरून इंग्रज सरकारने लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. तो याच इमारतीत चालला. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. लेख मराठी होते. पण ज्युरीपुढे त्यांचे इंग्रजी भाषांतर होते. ज्युरीत नऊ जण होते. सात म्हणाले दोषी, दोघे म्हणाले निर्दोष. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना मंडालेला नेले.

मग काय झाले? मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. वर्षाला एक दिवस, असा सहा दिवसांचा संप झाला. गोळीबार झाला, कामगार मेले. त्यांतल्या कितीतरी जणांना अक्षर येत नव्हते. एकाने 'केसरी' वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा, अशी तेव्हाची रीत. पण लेख कोणासाठी लिहिला, हे त्यांना नेमके कळले होते.

पुढे स्वराज्य आले. १९५६ साली त्याच कोर्टात टिळकांचे उद्गार दगडावर कोरून लावले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तो फलक उघडला. या न्यायाहून मोठी शक्ती जगात आहे, असा त्या उद्गारांचा भाव आहे. ज्या घराने शिक्षा दिली, त्याच घराने मान दिला. तो दगड डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे.

जाताना ओळखपत्र बरोबर न्या. दारावर तपासणी होते, तिला भिऊ नका. विचारतील ते सरळ सांगा. आत फोटो काढू नका. काही नाजूक प्रकरणे सोडली, तर खटले उघडपणे चालतात. जागा असली तर मागे बसावे, गप्प राहून ऐकावे.

दारोदारी पाट्या आहेत. त्या आता तुम्हाला वाचता येतात. पाटी वाचून जो हायकोर्टात फिरला, तो उद्या तहसील कचेरीत दाराबाहेर ताटकळणार नाही. आपले काम कोणत्या खिडकीवर आहे, ते तो स्वतः वाचील आणि तिथे जाऊन उभा राहील.