घरीं बसून शिकणारें मूल

शाळेची घंटा वाजली नाहीं म्हणून मुलाचें शिकणें थांबतें असें नाहीं. पण तें आपोआप चालूं राहतें असेंहि नाहीं. अशा वेळीं घरांतील वडीलधाऱ्या माणसांनीं काय करावें आणि काय करूं नये, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

श्रोत्यांना आठवत असेल, कीं २०२० सालच्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें मुंबईच्या शाळा बंद झाल्या. त्या वर्षीं कांदिवलींतील जें मूल पहिलीच्या पटावर आलें, त्याला वर्गांत बसावयास मिळालें तें १५ डिसेंबर २०२१ रोजीं. तोंवर दुसरीचें वर्ष निम्मेंअधिक सरलें होतें. पुढें २०२२ च्या जानेवारींत सुमारें तीन आठवडे शाळेचीं दारें पुन्हां मिटलीं. म्हणजे बाराखडी, जोडाक्षरें, हातच्याची बेरीज, हें जें सारें बाईंच्या नजरेखालीं व्हावयाचें, तें त्या मुलाला एका वीतभर पडद्यावर पाहावें लागलें.

याचा परिणाम आंकड्यांतहि दिसला. 'असर' या पाहणीनुसार ग्रामीण भारतांत तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं मुलें २०१८ सालीं २७.३ टक्के होतीं. २०२२ सालीं तीं २०.५ टक्के उरलीं. हा हिशेब खेड्यांचा आहे खरा. परंतु २०२२ मध्यें तिसरींत असलेलें मूल म्हणजे २०२० मध्यें पहिलींत गेलेलेंच मूल. शहरांतील त्याच्या भावंडाची गोष्ट याहून फार निराळी असेल असें समजण्याचें कारण नाहीं.

त्या काळांतील दोन घरें डोळ्यांपुढें आणावीं. चारकोपच्या सेक्टरांतील एका लहानशा घरांत एकच फोन. तोहि सकाळीं वडिलांबरोबर कामावर जाणार. दोन भावंडांचे तास नेमके एकाच वेळीं. आई म्हणे, "मला चौथीपुढचें कांहीं येत नाहीं, मी काय शिकविणार?" तिकडे ठाकूर व्हिलेजच्या उंच इमारतींत साधनांची उणीव नव्हती. तेथें अडचण वेगळी होती. बाईंनीं पडद्यावरून प्रश्न विचारावा आणि बाजूला बसलेल्या आईनें हळूच उत्तर सुचवावें! वही मोठी नेटकी दिसे, कारण निम्मी आईच्याच हातची असे. पहिल्या घरांतील मूल एकटें पडलें. दुसऱ्या घरांतील मुलाला स्वतः चुकण्याची संधीच मिळाली नाहीं.

दोन्ही घरांचा समज मात्र एकच होता, कीं घरीं शिकणें म्हणजे आईबापांनीं शिक्षक होणें. वस्तुतः सहासात वर्षांच्या मुलाला घरांत दुसरा शिक्षक नको असतो. पडदा दाखवितो, बोलतो. पण पेन्सिल कशी धरली आहे, वाचतांना मूल कोणत्या अक्षरापाशीं अडखळलें, कोठें त्यानें अंदाजानें शब्द ठोकून दिला, हें त्याला कळत नाहीं. तें कळावयास शेजारीं बसलेलें माणूसच लागतें. आणि त्या माणसाला विद्वत्ता लागत नाहीं. आजीला अक्षरओळख नसली, तरी "आज काय वाचलेंस तें मला सांग" असें ती म्हणूं शकते. आजीला सांगावयाचें म्हणून मूल धडा पुन्हां मनांत जुळवूं लागतें, आणि शिकणें खरोखर तेथें होतें.

यासाठीं लागणारी साधनेंहि घरांतच असतात. काड्यापेटींतील वापरून झालेल्या काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधले, कीं एकक-दशक हाताला समजतें. चिंचोके मोजून पाढे होतात. वाणसामानाची यादी मुलाकडून लिहवून घ्यावी. डब्यांवरचीं नांवें वाचावयास लावावींत. रोजची वेळ आणि जागा ठरलेली असावी. पडद्यासमोर थोडा वेळ गेला, तर त्यानंतरचीं दहा मिनिटें ऐकण्यासाठीं राखावींत. आणि चुकलेलें उत्तर खोडून सुधारूं नये. वही तशीच शिक्षकांकडे जाऊं द्यावी. चूक दिसली नाहीं, तर शिक्षकांनीं शिकवावयाचें तरी काय?

मुलाला शाळेंत येतां येत नसेल, तर शाळेनें मुलाकडे जावें, हा विचार महाराष्ट्राला नवा नाहीं. कांदिवलीहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेकडे गेलें, कीं डहाणू तालुक्यांत बोर्डी आणि कोसबाड लागतात. बोर्डीस १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्रामबालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांना वर्गांत बसणें शक्य नव्हतें, म्हणून पुढें कुरणावरच शाळा भरूं लागली. तिचें नांव कुरणशाळा. पानें, फुलें, खडे हींच तेथील साधनें. २०२० सालच्या सांथींत सोलापूरच्या नीलमनगरांत शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर धडे रंगविले, तेंहि याच वाटेवरचें पाऊल. त्याच वर्षीं जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, तेव्हां फोन नसलेल्या घरांतहि धडा पोहोंचूं लागला. परंतु धडा घरापर्यंत आला, तरी त्याला आंत घेणारें कोणी असावें लागतें.

तो कठीण काळ सरला. तरी आजहि अतिवृष्टीनें शाळेला सुटी पडते, मूल आजारी पडतें, आणि शिक्षकांचा गृहपाठ फोनवर येतो. अशा दिवशीं फोन मुलाच्या हातीं देऊन आईबाप मोकळे झाले, किंवा गृहपाठ स्वतःच लिहून मोकळे झाले, तर मुलाच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. वडीलधाऱ्या माणसानें दहा मिनिटें शेजारीं बसावें, मूल वाचील तें शांतपणें ऐकावें, तें अडलें तर थोडें थांबावें. एवढें तर चारकोपच्या लहान घरांतहि होऊं शकतें, आणि ठाकूर व्हिलेजच्या मोठ्या घरांतहि.