नाण्याची मूळ कांती : स्वागताध्यक्षीय भाषण



गोदाकाठच्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

नाण्यांच्या अभ्यासकाला नाशिकची ओळख करून द्यावी लागत नाही. येथल्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात सत्तर हजार कार्षापणांचा हिशेब आहे आणि पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण हा दरही कोरलेला आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या मार्गदर्शनाखाली जवळच अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. आणि याच जिल्ह्यात, जोगलटेंभी येथे, १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तपासलेल्या त्या १३,२५० नाण्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता.

त्या साठ्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण या परिषदेचा मुख्य विषय, म्हणजे नाण्याचा पृष्ठभाग आणि त्यावरून ठरणारी प्रत, त्यातून फार स्पष्ट होतो. सातकर्णीने नहपानाची नाणी वितळवली नाहीत. त्याच चांदीवर एका बाजूने चैत्य आणि दुसऱ्या बाजूने उज्जैन चिन्ह हाणले. त्यामुळे नव्या ठशाखाली जुन्या राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरांचे अवशेष अंधुकपणे दिसत राहतात. एका राजवटीने दुसरीला हरवले, याचा हा धातूवरचा पुरावा. पण ती अंधुक रेषा केसाएवढ्या उंचीची असते. कुणी ते नाणे ब्रशने, पावडरने घासले तर सर्वांत आधी तीच रेषा जाते. सातकर्णीचा ठोस ठसा उरतो आणि नहपान पुसला जातो. नाणे चकचकीत होते आणि त्याची साक्ष निम्मी होते.

मला आज एवढेच सांगायचे आहे. वापराने नाणे झिजते, त्यात त्याचे आयुष्य दिसते. घासल्याने जे जाते, ते मात्र कायमचे जाते. प्रत ठरवण्याचे सारे शास्त्र या फरकावर उभे आहे.

आज जगभर प्रचलित असलेली १ ते ७० ही मोजपट्टी अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी मांडली. ७० क्रमांकाच्या नाण्याची किंमत १ क्रमांकाच्या नाण्याच्या सत्तरपट, असा त्यामागचा हिशेब होता. भावाचे ते गणित पुढे टिकले नाही, आकडे मात्र टिकले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था सुरू झाल्या, आणि तज्ज्ञांनी तपासून सीलबंद होल्डरमध्ये घातलेली नाणी बाजारात आली. ६० ते ७० हे क्रमांक व्यवहारात न फिरलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. पण नाणे घासलेले, पॉलिश केलेले किंवा दागिन्याची कडी जोडून काढलेले असेल, तर त्याला आकडा मिळत नाही. लेबलवर ‘डिटेल्स’ असा शेरा येतो आणि दोषाचे कारण लिहिले जाते. वापरून झिजलेल्या रुपयाला कमी का होईना पण क्रमांक मिळतो, आणि सगळे नक्षीकाम शाबूत असलेल्या पण घासलेल्या रुपयाला मिळत नाही. नवीन संग्राहकाला हे अन्यायाचे वाटते. ते तसे का आहे, हे समजून घ्यायला हवे.

टांकसाळीत ठसा चकतीवर आदळतो तेव्हा धातू क्षणभर मऊ पदार्थासारखा बाहेरच्या दिशेने सरकतो. त्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. अनसर्क्युलेटेड व्हिक्टोरिया रुपया दिव्याखाली हळूहळू फिरवा, प्रकाशाचा पट्टा मध्याभोवती फिरताना दिसेल. यालाच आपण लस्टर म्हणतो. वापरात आलेल्या नाण्याची ही झळाळी आधी उंच भागांवरून जाते : राणीचा गाल, केस, मुकुट. ठसाच कमजोर बसला असेल तर तो भाग सपाट दिसतो, पण त्यावर झळाळी असते. झीज आणि कमजोर ठसा यांतला फरक असा प्रकाशच सांगतो. घासलेल्या नाण्यावर त्या रेषा उरत नाहीत. तिथे एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात, आणि चमक असूनही ती फिरत नाही, सगळीकडे सारखी पसरते. एकदा गेलेला लस्टर कोणत्याही उपायाने परत येत नाही.

चांदीच्या काळपटपणाबद्दलही गैरसमज आहे. हवेतल्या गंधकयुक्त वायूने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. थर पातळ असताना सोनेरी, मग जांभळट, निळसर आणि शेवटी काळा दिसतो. हे टोनिंग नैसर्गिक आणि सारखे असेल तर जाणकार त्याला वाढीव किंमत देतात. रसायनात बुडवून ते काढले तर सल्फाइडबरोबर त्यातली चांदीही जाते, कारण ती नाण्याचीच चांदी असते. एखादे नाणे वारंवार बुडवले की ते पांढरे, निर्जीव दिसू लागते.

तांब्याचे काम आणखी नाजूक. आपल्या घराघरांतल्या शिवराया घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अक्षरे जाड, ठसा अनेकदा चकतीबाहेर गेलेला, त्यामुळे मुळात अर्धीच अक्षरे नाण्यावर आलेली. वर्षानुवर्षे तयार झालेला तपकिरी किंवा गडद हिरवा, गुळगुळीत, घट्ट थर हे त्या शिवराईचे संरक्षण आहे. चिंच, लिंबू, राख यांनी ती लाल केली की संरक्षण गेले, आणि उरलेल्या अक्षरांच्या कडाही गेल्या. याउलट फिकट हिरवी, सहज सुटणारी भुकटी दिसली तर तो रोग समजावा. धातूत शिरलेले क्लोराइड दमट हवेत तांबे पोखरत राहते. कोकणातल्या संग्राहकांना हा अनुभव अधिक येतो. असे नाणे ताबडतोब वेगळे काढावे, सिलिका जेलसोबत कोरड्या डबीत ठेवावे आणि प्रशिक्षित संवर्धकाला दाखवावे.

इथे एक घरगुती गोष्ट आवर्जून बोलायला हवी. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये देव्हाऱ्यात मांडण्याची आपली रीत आहे, आणि त्याआधी ते लख्ख घासले जातात. पिढ्यान् पिढ्या दर दिवाळीला घासलेले राणीछाप रुपये मी किती तरी घरांत पाहिले आहेत. नाकडोळे बुजून गेलेले असतात. ती श्रद्धा खरी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. म्हणून माझी विनंती अशी की पूजेची नाणी वेगळी ठेवा आणि संग्रहाची वेगळी. घरात आजोबांनी जपलेला रुपया असेल तर तो तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पूजेच्या तबकात घासून ठेवू नका. जॉर्ज पंचमचा १९११ चा रुपया घ्या. राजाच्या गळ्यातील माळेवरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, म्हणून तो रुपया मागे घेऊन चित्र बदलावे लागले. ज्या चार-दोन मिलिमीटरच्या चित्रामुळे हा इतिहास घडला, ते चित्रच घासण्यात जाते.

काळजीने हात लावण्याला मात्र माझा विरोध नाही. माती डिस्टिल्ड पाण्यात भिजवून सुटू द्यावी. तेलकट डाग किंवा पीव्हीसीच्या पाकिटाने सोडलेला चिकट हिरवा थर शुद्ध अॅसिटोनने निघतो, धातूला धक्का लागत नाही. पण चोळायचे नाही, आणि पुसायचे नाही, टिपून घ्यायचे. नाणे नेहमी कडेने धरावे, कापसाचे हातमोजे किंवा स्वच्छ कोरडे हात असावेत. पीव्हीसीची स्वस्त पाकिटे, रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद यांपासून नाणी दूर ठेवावीत. पावसाळ्यात सिलिका जेल बदलायला विसरू नये.

सराफांनी मोगल रुपयांवर मारलेल्या खुणांकडेही याच दृष्टीने पाहावे. प्रतवारीच्या तक्त्यात त्या दोष ठरतात, पण त्या काळी चांदी खरी आहे की नाही हे तपासूनच रुपया हातोहात जात असे, आणि ते व्यवहार त्या खुणांमुळे आज आपल्याला दिसतात. नोंद करताना त्यांना झिजेत धरू नका, वेगळे लिहा.

मित्रहो, या परिषदेतील प्रदर्शनात आम्ही व्यापारी बंधूंना एक विनंती केली आहे, आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली. प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर राजा, वर्ष, टांकसाळ, वजन आणि भाव यांसोबत पृष्ठभागाची एक ओळ असेल : मूळ, टोनिंग, धुतलेले, घासलेले, कडी काढलेले, जे असेल ते. यामुळे एखाद्या नाण्याचा भाव कमी होईलही, पण व्यवहारातला विश्वास वाढेल. तरुण संग्राहकांनीही आपल्या वहीत हीच ओळ लिहावी. पन्नास वर्षांनी तुमचा संग्रह ज्याच्या हाती जाईल, त्याला नाण्याबरोबर त्याची खरी हकीकत मिळेल. संग्रहालयांना आपण दान देऊ तेव्हा तिथल्या अभ्यासकाचे निम्मे काम या ओळीने झालेले असेल.

दोन दिवसांत निबंधवाचन, प्रत्यक्ष भिंगाखाली प्रतवारीची कार्यशाळा आणि प्रदर्शन असा भरगच्च कार्यक्रम आहे. कार्यशाळेत एकाच प्रकारचे घासलेले आणि न घासलेले रुपये शेजारी शेजारी ठेवले आहेत. विद्यार्थ्यांनी ते दिव्याखाली स्वतः फिरवून पाहावेत; वाचून जे कळत नाही ते तिथे डोळ्यांना कळेल. या आयोजनासाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांचे, देणगीदारांचे आणि सभागृह उपलब्ध करून देणाऱ्या विश्वस्तांचे मी आभार मानतो. निवास-भोजनात काही उणे राहिले तर समितीच्या कार्यकर्त्यांना निःसंकोच सांगावे.

या परिषदेतून जाताना प्रत्येकाने एक निश्चय करावा : आपल्या संग्रहातले नाणे मी चमकवणार नाही, आणि त्याच्या पृष्ठभागाविषयी जे खरे आहे ते लिहून ठेवीन. नाशिककरांच्या वतीने आपणा सर्वांचे पुन्हा एकदा हार्दिक स्वागत करून मी अध्यक्षांना पुढील कार्यक्रम सुरू करण्याची विनंती करतो.