वाड्यांत भरलेल्या शाळा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



पुण्यातील जुन्या शाळा-कॉलेजांच्या वास्तूंविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय बाहेर फुटताच आपल्याच एका तरुण सभासदाने आम्हांस गाठून विचारले, "काका, भिंतींविषयी तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. भिंतींविषयी फारसे बोलण्याजोगे नसतेच. त्या भिंतींच्या आत कोणाला येऊ दिले आणि कोण बाहेर उभा राहिला, एवढेच खरोखर सांगण्यासारखे असते. आम्ही तेच सांगणार आहोत, आणि सांगता सांगता शेवटी आपल्या स्वतःच्या एका वास्तूचा प्रश्नही आपणांपुढे ठेवणार आहोत. तो कोणता, हे समोर बसलेल्या पुष्कळांनी एव्हाना ओळखलेच असेल.

पुण्यातील विद्या प्रथम स्वतःच्या घरात कधीच राहिली नाही. ती दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाडकरू म्हणून राहिली. विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावाने तो हौसेने बांधविला, आणि सुरूच्या खांबांचा तो दर्शनी सज्जा आजही रस्त्याने जाणाऱ्याची मान वर करावयास लावतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि वाडा रिकामा झाला. अवघ्या तीन वर्षांत, १८२१ च्या ऑक्टोबरात, दक्षिणेचे कमिशनर चॅप्लिन यांनी तेथे संस्कृत पाठशाळा उघडली. पेशव्यांच्या दक्षिणेचा जो निधी होता, त्यातूनच तिचा खर्च चाले. म्हणजे वाडा पेशव्यांचा, पैका पेशव्यांच्या दानधर्माचा आणि व्यवस्था इंग्रजांची. आरंभी तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच प्रवेश असे. हे आम्ही कोणाला दूषण म्हणून सांगत नाही. त्या काळी शास्त्राध्ययनाची समजूतच तशी होती. परंतु आपले पूर्वज तेव्हा कसब्यात तांबे ठोकीत बसले होते आणि पाठशाळेशी त्यांचा संबंध आलाच असेल तर तो घागरी नि पंचपात्र्यांपुरता, हेही विसरून चालणार नाही.

याच विश्रामबागवाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी एक समारंभ झाला. मेजर कँडी यांच्या पुढाकाराने सरकारतर्फे एका पंचवीस वर्षांच्या माळी तरुणाचा शालजोडी देऊन सत्कार करण्यात आला. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. मुलींच्या व अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळा काढल्याबद्दल हा गौरव होता. ज्या वाड्यात एकतीस वर्षांपूर्वी एकाच वर्णाला मज्जाव नव्हता, त्याच वाड्यात हा मान दिला गेला. खांब तेच, तक्तपोशी तीच; आत बोलाविलेले माणूस मात्र निराळे होते. आम्ही त्या वाड्यावरून जातो तेव्हा पेशव्यांचे विलास आम्हांस आठवत नाहीत, ती शालजोडी आठवते.

जोतीराव व सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, ती बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात. तात्यासाहेब भिडे यांनी आपली जागा दिली. १८५१ मध्ये आणखी एक शाळा अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात भरू लागली. ज्या समाजाकडून या शाळांना कडवा विरोध झाला, त्याच समाजातील या दोन गृहस्थांनी आपले दरवाजे उघडले, हे नमूद केलेच पाहिजे. जातीची सभा भरवून बोलणाऱ्याने तर ते अगत्याने नमूद करावे.

भिडेवाड्याचे पुढे काय झाले ते आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. खाली दुकाने, वर पडझड, आणि जागेचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात. स्मारक व्हावे असे सर्वच म्हणत होते. वास्तू मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी खचत होती. अखेर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने जागा ताब्यात घेऊन, स्मारक उभारण्यासाठी, होता तो वाडा पाडला. नंतर चार दिवसांनी आम्ही मुद्दाम तेथे जाऊन उभे राहिलो. पत्र्याचे कुंपण होते. शेजारी फुलवाल्या बाईने विचारले, "आजोबा, काय हरवलं का?" आम्हांस पटकन उत्तर देता आले नाही. स्मारक होणे योग्यच आहे. पण ज्या जिन्यावरून त्या पहिल्या मुली वर गेल्या असतील, तो जिना आता कोणाला दाखविता येणार नाही.

विश्रामबागेतील पाठशाळेचे १८५१ मध्ये पूना कॉलेज झाले. कॉलेज वाढले, तशी जागा अपुरी पडू लागली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लक्ष रुपयांची देणगी दिली आणि १८६४ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते येरवड्यास कोनशिला बसली. १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले आणि डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्ध झाले. टिळक-आगरकर तेथलेच विद्यार्थी. या कॉलेजाची पुढील कथा आपण विशेष ध्यान देऊन ऐकावी अशी आहे. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले. एवढी मोठी दगडी इमारत, एवढी परंपरा, आणि एका हुकुमासरशी वर्ग ओस पडले. तेव्हा माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. देणगी ज्या हेतूने दिली तो हेतू सरकारला असा मोडता येणार नाही, या मुद्द्यावर त्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि १९३९ मध्ये संशोधन-संस्थेच्या रूपाने कॉलेज पुन्हा उघडले. टिळक विद्यार्थी असताना ज्या खोलीत राहिले, ती खोली तेथे जतन केलेली आहे. इमारत राहिली ती दगडाच्या बळावर नव्हे. देणगीच्या कागदावर हेतू स्पष्ट लिहिलेला होता आणि तो कागद वाचणारी माणसे जागी होती, म्हणून राहिली. हा कागदाचा मुद्दा आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत.

मध्यंतरी १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना एकाच रात्री आगी लागल्या. बुधवारवाडा पार गेला. विश्रामबागेचा दर्शनी भाग जळाला तो पुढे दुरुस्त झाला. या आगीनंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, १८८० च्या जानेवारीत, विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुन्हा वाडाच! पाच वर्षांनी, २ जानेवारी १८८५ रोजी, फर्ग्युसन कॉलेज उघडले तेही शनिवारातील गद्र्यांच्या वाड्यात. उद्घाटनास एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्डस्वर्थ आले होते. हे इंग्रज कवी वर्डस्वर्थ यांचे नातू. त्याच वर्षीच्या मार्चात नानावाड्याच्या आवारात गव्हर्नरसाहेबांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. कोनशिला बसली एकीकडे आणि कॉलेज उभे राहिले दुसरीकडे, नदीपलीकडे, चतु:शृंगीच्या वाटेवर. ते १८९५ साली. त्या वर्षीच्या जूनमध्ये प्राचार्य आगरकर निवर्तले. नव्या वास्तूचे सुख त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही.

मुलींच्या हायस्कुलाविषयी एवढेच सांगतो, की १८८४ मध्ये निघालेली ती शाळा पेशव्यांच्या हुजुरातीच्या घोड्यांची पागा जेथे होती तेथे स्थिरावली आणि 'हुजूरपागा' या नावानेच गाजली. आपल्या कित्येक घरांतील आत्या-मावश्या तेथे शिकल्या. सासरच्या माणसांनी "पागेतल्या" म्हणून त्यांना चिडविले, आणि त्यांनीही ते अभिमानाने मिरविले.

आता घरची एक गोष्ट सांगतो. ती आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकली.

शंभर एक वर्षांपूर्वी, शनिवारातील एका वाड्यात भरणाऱ्या शाळेत पिण्याच्या पाण्याचे तांब्याचे मोठे पिंप होते. ते बुडाशी गळू लागले म्हणून आमच्या आजोबांना बोलावणे आले. हातोडा, ऐरण आणि डाख देण्याचे सामान घेऊन आजोबा मागल्या चौकात तीन दिवस बसले. माडीवर मुले पावकी-निमकी म्हणत. आजोबांना सर्व पाढे मुखोद्गत. तांब्याच्या मोडीचा हिशेब ते मनातल्या मनात करीत. एखादे पोर चुकले की खालून हातोडा थांबे. मास्तरांच्या हे ध्यानात आले आणि ते हसले म्हणतात. तिसऱ्या दिवशी काम पुरे झाले, पैसे मिळाले आणि पावतीवर सही करण्यासाठी कागद पुढे आला. आजोबांनी अंगठा पुढे केला.

मास्तर चकित झाले. कारण त्याच पिंपावर शाळेचे नाव आजोबांनी त्याच सकाळी छिन्नीने घातले होते, आणि एक काना की वेलांटी चुकली नव्हती! गिऱ्हाईक कागदावर लिहून देई ते अक्षर आजोबा चित्र उतरवावे तसे भांड्यावर उतरवीत. आयुष्यभरात हजारो नावे त्यांच्या हातांनी कोरली गेली असतील. त्यांतले एकही त्यांना वाचता येत नव्हते. स्वतःचेदेखील नाही. घरी येऊन ते कोणाशी बोलले नाहीत. पुढल्या जूनमध्ये मात्र त्यांनी आमच्या वडिलांना हाताला धरून त्याच वाड्याच्या दिंडी दरवाज्यातून आत नेले. या खेपेस मागल्या चौकात नव्हे, माडीवर.

तो वाडा आता नाही. तेथे सहा मजली इमारत आहे. पिंपाचे काय झाले ते ठाऊक नाही. मोडीत गेले असावे, आणि मोडीतून कदाचित आपल्याच आळीत आले असावे.

आम्ही स्वतः शाळेत असताना, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत व खडकवासल्याची धरणे फुटली. नदीकाठच्या पेठांतील वाडे मातीच्या ढिगाऱ्यासारखे बसले. त्या दिवसांत शाळांतून वर्ग भरत नव्हते, बिऱ्हाडे राहत होती. एका बाकाच्या आडोशाला एक संसार. बाकावर बसून आम्ही भूगोल शिकलो होतो, त्याच बाकावर शेजारच्या काकूंनी पोळ्या लाटलेल्या पाहिल्या. शाळा म्हणजे काय, हे आम्हांस त्या जुलैमध्ये जितके कळले तितके पुढे कोणत्याही वर्गात कळले नाही.

असो. आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपल्या संस्थेचा कसब्यातील वाडा जुना झाला आहे. त्याच्या मागील सोप्यातील दोन खोल्यांत परगावचे आपले विद्यार्थी राहत आले. कोणी नाशिकचे, कोणी साताऱ्याचे. कित्येकांचे शिक्षण त्या खोल्यांमुळे झाले. त्यांतील चौघे-पाच जण आज पुढल्या रांगेत बसले आहेत आणि आमच्याकडे पाहण्याचे टाळीत आहेत. वाडा पाडून तेथे नवी इमारत बांधण्याचा करार व्हावयाचा आहे. आम्ही त्याला विरोध करण्यास उभे राहिलेलो नाही. तुळया पोखरल्या आहेत. पावसाळ्यात मुलांना तेथे निजविणे हे पाप होय. पण कराराचा मसुदा आम्ही चष्मा पुसून दोन वेळा वाचला. त्यात सभागृह आहे, लग्नकार्यालय आहे, तळमजल्यावर भाड्याने देण्याची दुकाने आहेत. विद्यार्थ्यांच्या खोल्यांचा उल्लेख नाही. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "काका, ते आपण नंतर पाहूच की."

नंतर पाहावयाचे म्हणून ठेवलेल्या गोष्टींचे काय होते, याचे पुण्यातील दाखले आम्ही आपणांस आताच दिले. डेक्कन कॉलेज का वाचले तेही सांगितले. आमची मागणी एका ओळीची आहे: नव्या इमारतीत चार विद्यार्थी राहतील एवढी जागा विद्यार्थ्यांसाठीच राहील, ती भाड्याने दिली जाणार नाही, असे करारात लिहावे. भाड्याचे उत्पन्न थोडे घटेल. किती घटेल, ते खजिनदारांनी आज येथेच सांगावे आणि सभेने मतास टाकावे. सभेने आमचे म्हणणे फेटाळले तर आम्ही रागावून घरी बसणार नाही. पुढल्या वर्षी पुन्हा मांडू.

दुसरे एक लहानसे काम आहे. त्या खोल्यांच्या माळ्यावर विद्यार्थ्यांच्या पंक्तीची जुनी भांडी आहेत. पातेली, पराती, एक मोठे घंगाळ. बहुतेकांवर देणाऱ्यांची नावे घातलेली आहेत. वाडा रिकामा करण्यापूर्वी, येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता, ती सर्व ओसरीवर मांडून ठेवणार आहोत. आपापल्या आजा-पणजांची नावे पाहून घ्यावीत आणि ज्यांना जी माहिती असेल ती वहीत लिहून द्यावी. काही नावे आम्हांस लागलेली नाहीत. एका परातीवर तर फक्त 'ताईकडून' एवढेच आहे, आणि साल १९३८. ही ताई कोणाच्या घरची, हे जाणणारे कोणी वयोवृद्ध असतील तर त्यांना रिक्षा करून आम्ही स्वतः घेऊन येऊ.